सोळा शुक्रवार

आषाढीच्या रविवारी माझ्यापुढे साबुदाण्याची खिचडी गार होत होती. दाण्याचं कूट सढळ हाताने घातलेली, वर ओलं खोबरं, शेजारी रताळ्याचा कीस आणि दह्यातली काकडी. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आमच्या घरात माझ्याकडे बघून म्हटली जाते, आणि मीही ती दरवर्षी इमानेइतबारे खरी करून दाखवते. त्या दिवशी चार घास झाले आणि चमचा ताटलीतच राहिला. पोट दुखत नव्हतं, मळमळतही नव्हतं. पाचवा घास कशासाठी घ्यायचा, एवढंच कळेना.

आई दादरहून मुलुंडला आमच्याकडे आली होती. तिने आधी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय गं, अन्नावर वासना नाही का आज?"

सकाळी वेफर्स जरा जास्तच झाले, असं काहीतरी मी पुटपुटले. दोनच दिवसांपूर्वी, ४ जुलै २०२५च्या शुक्रवारी रात्री, बेंबीपासून चार बोटं लांब, मी सेमाग्लुटाइड या वजन उतरवण्याच्या औषधाचं पहिलं इंजेक्शन घेतलं होतं. ते तिला सांगायची हिंमत झाली नाही. तिच्या त्या प्रश्नामागे काय होतं हे मला दोन महिन्यांनी कळलं. त्याकडे येतेच.

माझं वजन हा आमच्याकडे कायम सार्वजनिक विषय. वय ४७, उंची १६० सेंटिमीटर, वजन ९४ किलो. भागाकार केला की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३६.७ येतो. सासरचे म्हणायचे, खात्यापित्या घरची आहे. माहेरचे म्हणायचे, हाडंच जाड आहेत. हाडांचा एक्स-रे काढला तेव्हा ती चारचौघांसारखीच निघाली, फक्त गुडघ्यात झिजलेली. दादरचा पूल चढताना मी मधल्या टप्प्यावर थांबून फोन आल्याचं नाटक करायचे. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर. सोनोग्राफीत यकृतावर चरबी.

आमचे डॉक्टर बोलायला लागले की शाळेतल्या मास्तरांसारखे गोष्टीत शिरतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो त्यांनी मला दाखवला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२. म्हणजे काटा दोघांना एकच सांगतो आणि आतला हिशेब वेगळाच असतो. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात आणि २५च्या पुढे स्थूलपणा. "तुमचं तर बरंच पुढे गेलंय," डॉक्टर म्हणाले. फोटोतल्या सडपातळ याज्ञिकांकडे बघून मला उगाच बरं वाटत होतं, ते तिथेच संपलं.

मग त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग? त्यातला मेड्युलरी नावाचा एक प्रकार रक्ताच्या नात्यात असेल तर हे औषध देत नाहीत. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का? पित्ताशयात खडे? दिवस राहण्याची शक्यता? या शेवटच्या प्रश्नावर मी हसले, तर ते हसले नाहीत. गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी हे थांबवावं लागतं, आणि पुष्कळ बायकांची वजन उतरल्यावर पाळी नियमित होते, ध्यानीमनी नसताना दिवस जातात, म्हणाले. रक्ताच्या तपासण्या झाल्या, आणि त्यानंतरच इंजेक्शनच्या पेनाची चिठ्ठी हातात पडली. हे सांगते कारण आमच्या इमारतीतल्या एकीने भिशीत विचारलं होतं, "तुझ्या पेनातलं थोडं मला देशील का गं, लग्नापुरतं?" जणू मोत्यांचा तन्मणी मागतेय.

पेन दादरच्या केमिस्टकडून घेतलं. ते फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. म्हणून त्याने बर्फाच्या जेलची पिशवी बांधून दिली. जुलैतली दमट संध्याकाळ, लेडीज डब्यात जेमतेम चौथी सीट, आणि मांडीवरची पिशवी घामेजून ठिबकायला लागलेली. समोरची बाई वाकून म्हणाली, "पापलेटं का? काय भावाने दिली?" मी म्हटलं, "महाग आहेत." खोटं नव्हतंच. महिन्याचे १७ हजारांच्या वर गेले होते. त्या भावात पापलेटांची पाटीच आली असती.

पहिल्या रात्री लेक आणि नवरा दोघंही स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले, जणू सत्यनारायण आहे. सुई जेमतेम ४ मिलिमीटरची, केसासारखी बारीक. पोटाची घडी चिमटीत धरली, टोचलं, बटण दाबलं, सावकाश सहा आकडे मोजले आणि काढली. डास चावला असता तर जास्त कळलं असतं. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत टाकून झाकण लावायचं. ओल्या कचऱ्यात टाकायची नाही, सकाळी तो कचरा कुणाच्या तरी उघड्या हातांनी उचलला जातो. पेन फ्रिजच्या दारात, आलं-लसणाच्या वाटणाच्या डबीशेजारी. इतके दिवस माझ्या वजनाचं जे साहित्य फ्रिजमध्ये होतं, त्याच रांगेत त्याचा उताराही जाऊन बसला.

"कुठला वार धरताय?" असं डॉक्टरांनी विचारलं होतं. त्यांच्या मनात काही नव्हतं, आठवड्यातला एक दिवस ठरवायचा एवढंच. पण 'वार धरणं' म्हटल्यावर मराठी बाईच्या डोक्यात दुसरंच काहीतरी वाजतं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा. मी सगळे करून पाहिलेत, वजनासाठी, आणि प्रत्येक उपासाने माझं वजन वाढवलंय. मळमळ झालीच तर शनिवार-रविवार घरी लोळता येईल म्हणून मी शुक्रवार घेतला.

औषधाची चढण हळूहळू असते. पाव मिलिग्रॅमचे चार आठवडे, अर्ध्याचे चार, एकचे चार, १.७ चे चार, आणि मग २.४ हा पूर्ण डोस. मी बोटांवर मोजलं. सोळा आठवडे चढायचं आणि सतराव्याला पूर्ण. मला फिसकन हसूच आलं. माझ्या जन्माआधी, सत्तरच्या दशकात, जेव्हा मुंबईतल्या निम्म्या बायकांनी संतोषीमातेचे शुक्रवार धरले होते, तेव्हा माझ्या आईनेही धरले होते. सोळा शुक्रवार आंबट खायचं नाही, गूळ-फुटाण्यांचा नैवेद्य, आणि मग उद्यापन. मी त्या व्रताचं फळ, असं आई म्हणते. बाबा म्हणायचे, गुळाचं फळ.

पहिला पाव मिलिग्रॅम वजन उतरवण्यासाठी नसतोच मुळी. पोटाला आणि आतड्यांना सवय व्हावी म्हणून असतो. बऱ्याच जणांना त्या महिन्यात काहीच जाणवत नाही आणि मग ते पैसे बुडाल्यासारखे केमिस्टशी भांडतात. मला जाणवलं, पण जे जाणवलं त्याला नाव द्यायला काही दिवस गेले.

माझं ऑफिस फोर्टात. संध्याकाळी सीएसएमटीकडे चालत येताना वाटेत एक वडापावची गाडी लागते. तिथे बावीस वर्षं माझं आणि त्या कढईचं एक रोजचं भांडण चालू होतं. आज नको. एकच घेऊ. एक घेतला तर काय होतंय. काल नव्हता घेतला. नको, घरी जाऊन जेवायचंय. मग निदान भजी? रोज संध्याकाळी मी हा खटला चालवायचे, दोन्ही बाजूंची वकील मीच, न्यायाधीशही मीच, आणि बहुतेक वेळा निकाल वड्याच्या बाजूने. तिसऱ्या आठवड्यातल्या एका मंगळवारी मी ठाणा लोकलमध्ये बसले होते, भायखळा गेलं, आणि एकदम लक्षात आलं की आज खटला उभाच राहिला नाही. वास आला होता. वास छान होता. मी पुढे निघून आले होते.

इंग्रजीत याला हल्ली 'फूड नॉइज' म्हणतात. आपल्याकडे आवाजाचा शब्द नाही, पण मालवणकडची माझी आजी याला वखवख म्हणायची. "पोट भरलंय, वखवख भरत नाही." तिच्याकडे भुकेची अख्खी उतरंड होती. भूक ती खरी. खा-खा ती उगाचची. डोहाळे माफ. चोचले श्रीमंतांचे. आणि सगळ्यांच्या वर भस्म्या, म्हणजे कितीही घातलं तरी राख होऊन जाणारं पोट. मला लहानपणी भस्म्या म्हणायचे. आत्याच्या लग्नात एका मामींनी भर मांडवात सांगितलं होतं, "हिला शेवटच्या पंगतीला बसवा, नाहीतर जिलबी पुरायची नाही." मी नऊ वर्षांची होते. जिलबी आजही समोर आली की मी आधी इकडेतिकडे बघते.

त्या मंगळवारी भायखळ्यानंतर मला आनंद व्हायला हवा होता. कुर्ल्यापर्यंत झालाही. घाटकोपरला पोचेस्तोवर राग यायला लागला. इतकी वर्षं मला सांगितलं गेलं की जिभेवर ताबा नाही, मनाचा निग्रह नाही, संस्कारात कुठेतरी कमी पडलं. आणि आता मिलिग्रॅमचा चौथा भाग, डोळ्याला दिसणारही नाही इतका, पोटात गेला आणि ताबा आला? मग तो कमीपणा कुणाचा होता?

डॉक्टरांना मी हे विचारलं तेव्हा त्यांनी पुन्हा गोष्ट लावली. आपण जेवलो की आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं हार्मोन सोडतात. ते मेंदूला कळवतं, पुरे. आणि पोटाला कळवतं, सावकाश. पण शरीरात त्याचं आयुष्य जेमतेम दोन मिनिटांचं. निरोप पोचतो न पोचतो तोच निरोप्या गायब. सेमाग्लुटाइड म्हणजे तोच निरोप्या, फक्त त्याला रक्तातल्या प्रथिनाला धरून राहायला शिकवलंय, म्हणून आठवड्याने सुद्धा तो निम्मा उरलेला असतो. या सगळ्या घराण्यातलं पहिलं औषध आलं २००५ साली, अमेरिकेत, मधुमेहासाठी, आणि त्याचा उगम वाळवंटातल्या हिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषात होता. डॉ. जॉन इंग यांना त्यात आपल्या जीएलपी-१सारखाच, पण चिवट असा एक रेणू सापडला होता. तो सरडा वर्षात मोजक्याच वेळा जेवतो. आताचं सेमाग्लुटाइड सरड्यापासून होत नाही, ते आपल्याच हार्मोनचं बदललेलं रूप आहे. पण मी घरी नुसतं 'सरडा' म्हटलं आणि लेकीने आठवडाभर माझ्या ताटलीत मोजून मटकीचे दाणे वाढले.

राग तरीही गेला नाही. अजून अधूनमधून येतो.

आता जरा पोटाबद्दल. औषध पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच उगवतात. अर्ध्या मिलिग्रॅमवर मला ढेकर सुरू झाले. ढेकर म्हणजे आपल्याकडे तृप्तीची पावती. पाहुणा ढेकर देऊन उठला की यजमानीण सुखावते. माझ्या ढेकरांना कुजक्या अंड्याचा वास होता. दुपारची तेलकट भाजी रात्री नऊला आपली हजेरी लावायची. उपाय साधा निघाला, तळलेलं आणि तुपकट कमी, रात्रीचं जेवण साडेसातला, आणि जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. मुंबईत नोकरी करणाऱ्या बाईला साडेसातला जेवायला सांगणं म्हणजे चंद्र आणायला सांगणं. मी गाडीत, मुलुंड यायच्या आत, डब्यातलं अर्धं थालीपीठ खायला लागले.

दुसरा विषय चारचौघांत बोलण्यासारखा नाही, म्हणून एका वाक्यात सांगते. इसबगोल, भरपूर पाणी, आणि सकाळी वीस मिनिटं लवकर उठणं, कारण लोकलमध्ये सोय नसते.

मळमळ मात्र सगळ्यांना वाटते तशी नव्हती. शनिवारी दुपारी यायची, रविवारी संध्याकाळपर्यंत ओसरायची. बोटीत बसल्यासारखी. आल्याचा तुकडा, लिंबूसरबताचे घोट. पाणी प्यायचंही विसरायला होतं, कारण तहानही भुकेबरोबर मुकाट बसते. एकदा चर्चगेटच्या बाजूला काम होतं, उन्हात चालले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेव्हापासून पर्समध्ये बाटली.

आणि ताटाचा क्रम बदलला. आपल्या ताटाला डावी-उजवी बाजू असते, सुरुवात वरणभाताने, शेवट ताकभाताने. डॉक्टर म्हणाले, चार-पाच घासांनंतर पोट नाही म्हणणार आहे, तेव्हा ते चार-पाच घास भातावर उधळू नका. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातो, म्हणून आधी उसळ, अंडं, पनीर, मासे. भात उरलाच तर शेवटी. आणि आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचला. वरणभात शेवटी खायचा, हे नवऱ्याला अजून अपशकुनासारखं वाटतं. वजनं म्हणून मी दोन किलोच्या तांदळाच्या पिशव्या उचलते. भाताचा एवढा उपयोग राहिलाय.

आता गौरीची गोष्ट. ती माझीच चूक, दुसऱ्या कुणाची नाही.

त्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला बसले. मोदक मी दीड खाल्ला, एरवीचे अकरा. सगळं ठीक होतं. २९ ऑगस्टच्या शुक्रवारी माझी पायरी बदलायची होती, अर्ध्यावरून एकवर. डॉक्टरांनी आधीच विचारलं होतं, सणावाराचं काही आहे का, असेल तर आठवडाभर आहे तोच डोस चालू ठेवा. मी म्हटलं, छे, आता मला काही होत नाही. शुक्रवारी एक मिलिग्रॅम घेतला. सोमवारी दादरला आईकडे गौरीपूजन. पुरणपोळी, त्यावर तुपाची धार, कटाची आमटी, सोळा भाज्या, अळूवडी. आणि आग्रह. आग्रह हा आपल्याकडे पदार्थच आहे, तो वेगळा वाढतात. "माझी शपथ आहे." "ही अर्धीच." "गौरी जेवतेय तुझ्या रूपाने." वहिनीने अर्धी म्हणून जी वाढली ती पोळी पाऊण होती. मी खाल्ली. गौरीला नाही कसं म्हणायचं?

संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत मी आईच्या बाथरूममध्ये होते. अळूवडीपासून सुरुवात करून उलट्या क्रमाने सगळ्या सोळा भाज्या परत आल्या. शेवटी नुसतं हिरवं पाणी. भावाने डॉक्टरांना फोन लावला. पोटात वर मधोमध तीव्र, थांबत नाही अशी कळ येऊन पाठीत जातेय का, हे त्यांनी दोनदा विचारलं. तसं असतं तर स्वादुपिंडाची शंका घेऊन रातोरात रुग्णालय गाठावं लागलं असतं. तसं नव्हतं. मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने, आणि सकाळी दवाखान्यात.

बाथरूमच्या दाराबाहेर आई स्टुलावर बसली होती. मी बाहेर आले तर तिने पदर तोंडात धरलेला. "खरं सांग," ती म्हणाली, "काय झालंय तुला? दोन महिने बघतेय. वासना नाही. उतरत चाललीस. बाबांना असंच झालं होतं."

मला तेव्हा लागलं. बाबा २०११ साली गेले. परळच्या रुग्णालयाच्या फेऱ्या सुरू होण्याच्या आधी चार महिने त्यांचं अन्न असंच सुटलं होतं. आमच्या घरात 'वासना नाही' हे कुणी आजारी पडलं की म्हणतात, आणि कुणी जायला निघालं की म्हणतात. निरोगी माणसाची वासना जाणं आमच्या भाषेत बसतच नाही. मी ऑफिसातल्या आरशात बघून खूश होत होते, तेव्हा ही बाई दर रविवारी माझ्या ताटात उरलेला भात बघून दिवस मोजत होती.

मी तिला पेन दाखवलं. सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग विचारलं, "म्हणजे पैसे देऊन घेतलंयस हे?"

"हो."

"बाबांना मी सहा महिने चोरून-चोरून साखरभात करून घालत होते, दोन घास जावेत म्हणून," ती म्हणाली आणि उठून दिवे मालवायला गेली.

त्या रात्रीनंतर डॉक्टरांनी मला एकवरच आठ आठवडे ठेवलं. ही शर्यत नाही, म्हणाले. काहींना एक पुरतो, काहींना २.४ लागतो. मला एक आकडा पाठ होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १,९६१ जण होते, ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, आणि नुसत्या आहार-व्यायामावर असलेल्यांचं २.४ टक्के. मी ९४चे १४.९ टक्के काढून डायरीत ८० लिहून ठेवलं होतं. पण ती सरासरी. तिच्या खाली बसलेलेही पुष्कळ असतात, हे शाळेत दहा मार्कांना शिकलेय आणि स्वतःवर आलं की विसरलेय.

त्याच सुमारास ऑफिसातल्या एकीने विचारलं, काय करतेस गं, आम्हालाही सांग. मी म्हटलं, रात्रीचं जेवण बंद केलंय, आणि चालते. दोन्ही अर्धसत्यं. तिने खरंच रात्रीचं जेवण बंद केलं. तीन आठवडे ती दुपारी चारला हात थरथरत बिस्किटं शोधायची. वजन हललं नाही, आणि एक दिवस ती कँटीनमध्ये म्हणाली, "तुझ्यासारखा निग्रह नाही गं माझ्यात." जिलबीवाल्या मामींच्या जागी मी उभी होते. मी तिला जिन्यात नेऊन सांगितलं. ती चिडली नाही. म्हणाली, "एवढे पैसे माझ्याकडे नाहीत, म्हणून तू सांगितलं नसशील." मी तसा विचार केला नव्हता, पण करायला हवा होता. नोव्हेंबरात भाव खाली आला. २०२६च्या मार्चमध्ये पेटंट संपलं की देशी कंपन्यांची पेनं येतील आणि आणखी उतरेल, असं केमिस्ट तेव्हा सांगत होता. ती थांबून राहिली.

आणखी एक हरवलं, त्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. दुपारी चार वाजता आमच्या विभागात 'आज काय मागवायचं' यावर जी सभा भरते, तिची मी बावीस वर्षं अध्यक्ष होते. कुठली भेळ, कुठलं सँडविच, कुणाकडची लस्सी. आता मला मत नाही. लोक विचारतात, मी म्हणते काहीही चालेल, आणि ज्यांना काहीही चालतं त्यांना हळूहळू विचारणं बंद होतं. केसही याच दिवसांत फणीत यायला लागले. वजन भराभर उतरलं की होतं तसं, काही महिन्यांत थांबतं, असं डॉक्टर म्हणतात. ते सोसलं. चारची सभा जाणं मात्र अवघड गेलं.

दिवाळीत आईने विचारलं, "किती झाले शुक्रवार?"

भाऊबीज होती, २३ ऑक्टोबर. मी मोजले. सोळा झाले होते. दुसऱ्या दिवशी सतरावा, आणि माझी १.७ ची पायरी. काटा ८६ वर.

"मग उद्यापन?"

मी तिला सांगितलं की याला उद्यापन नाही. औषध थांबवलेल्यांवर एक अभ्यास झाला होता. वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. रक्तदाबाच्या गोळीसारखं आहे, बराच काळ चालवावं लागेल. ती म्हणाली, "ते तुझं. मी सोळा मोजलेत. माझं उद्यापन आहे."

शुक्रवारी मी रजा टाकून दादरला राहिले. आईने इमारतीतली आठ मुलं जेवायला बोलावली होती. जुन्या रीतीप्रमाणे मुलगे हवेत, पण दिवाळीच्या सुट्टीत निम्मी मुलं गावी गेलेली, म्हणून मुलीही चालल्या. खीर, पुरी, चण्याची उसळ. आंबट काही नाही, लिंबाची फोडसुद्धा नाही. मुलांच्या हातावर पैसेही ठेवायचे नाहीत, खाली जाऊन चिंच खातील, असं ती मला तीनदा बजावून गेली. वाढायला मी.

पुऱ्या टम्म फुगलेल्या येत होत्या आणि मला त्यांच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं. शेवटच्या पाटावर तिसऱ्या मजल्यावरची एक गुबगुबीत मुलगी होती, नऊएक वर्षांची. तिची पाचवी पुरी संपली आणि तिने काही न बोलता ताट जरासं पुढे सरकवलं. शेजारचा मुलगा ओरडला, "आजी, ही बघा, हिचं सहावं चाललंय!" सगळी हसली. ताट पुन्हा मागे गेलं.

मी तिच्यापुढे बसले आणि दोन पुऱ्या वाढल्या. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"खीर गरम आहे," मी म्हटलं, "बेताने."

आत आई कढईपाशी उभी होती. "तुझी वेळ किती वाजताची?" तिने पुरी उलटत विचारलं. "रात्री नऊची ना? मग आत्ताच दोन घास खाऊन घे. उद्या तुला घास जायचा नाही."